कोपराचं माप

माझी उंची पाच फूट आणि नवऱ्याची पाच फूट दहा इंच. आम्ही दोघंही घरून काम करतो. मी पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन, तो हिशेबाचं काम. घरात कामाचं टेबल एकच, आणि तेही अडीच फुटांचं, कारण सुतार कोणालाही न विचारता टेबल अडीच फुटांचंच करतो. अडीच फूट म्हणजे साधारण ७५ सेंटीमीटर. या उंचीवर हात नीट टेकायचे तर मला खुर्ची इतकी वर घ्यावी लागते की पाय लोंबकळतात. मग पायाखाली पाट. पाट सरकतो, मांड्यांना मुंग्या येतात, म्हणून खुर्चीच्या टोकाशी यायचं. तिथे आलं की पाठीचा आधार सुटतो आणि खांदे वर चढतात. उजवा खांदा घेऊन फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा तिने खांद्याला हात नंतर लावला. आधी टेबलाची उंची विचारली.

तिचा नियम सोपा होता. दंड अंगालगत सैल सोडायचा, कोपर काटकोनात वाकवायचं. कोपर जमिनीपासून जितकं वर, तितकी टेबलाची उंची. बसल्यावर एक, उभं राहिल्यावर दुसरी. घरी येऊन आम्ही एकमेकांना भिंतीशी उभं करून मापं घेतली. बसून माझं ६२ सेंटीमीटर, त्याचं ७०. उभ्याने माझं ९६, त्याचं ११२. चार आकडे एकाखाली एक लिहिले आणि ज्या ७५ वर आमचा संसार चालला होता तो आकडा त्यात कुठेच नाही, हे दिसलं.

मोटरवर वर-खाली होणारी टेबलं बाजारात भरपूर आहेत. ती पाहिलीही. त्यातल्या बऱ्याच टेबलांचे पाय दोन टप्प्यांचे असतात, एकात एक सरकणारे. ते पूर्ण मिटले तरी टेबल ७० किंवा ७२ च्या खाली उतरत नाही. तीन टप्प्यांचे पाय आणखी खाली जातात, किंमत मात्र वर जाते. जाहिरातींत सगळा भर टेबल किती उंच होतं यावर; किती बुटकं होतं हे बारीक अक्षरांत. दुकानदाराला ६२ म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, सोबत फूटरेस्ट देतो ना." म्हणजे फिरून पाटच.

दुसरी अडचण जागेची. आमच्या कोथरूडच्या घरात हॉलमधून बाल्कनीकडे जायची वाट टेबलाला घासून जाते. जमिनीवर पसरलेले लोखंडी पाय तिथे रोज कोणाच्या तरी करंगळीला लागणार. टेबल भिंतीवर टांगलं, तर खालची जमीन मोकळी राहील आणि उंचीला खालून बंधनही राहणार नाही. कल्पना इथवर आली तेव्हा ती फार मोठी वाटत नव्हती. फळी, दोन कंस, काहीतरी सरकपट्टी, झालं.

आमच्या ओळखीचे एक फॅब्रिकेटर आहेत, साठीच्या आसपासचे. ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेड ही त्यांची रोजची कामं. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि पहिलंच वाक्य बोलले ते असं : "ताई, ह्ये टेबल खाली यायची भीती नाय. पुढं यायची भीती हाय."

संध्याकाळी गणित मांडलं तेव्हा त्यांचं म्हणणं आकड्यांत दिसलं. टेबल भिंतीपासून ५५ सेंटीमीटर पुढे येणार. फोनवर बोलता बोलता माणूस पुढच्या कडेवर दोन्ही कोपरं टेकून रेलतो. तो भार ४० किलो धरला. ४० गुणिले ५५, म्हणजे २२०० किलो-सेंटीमीटर. एवढा पीळ टेबलाला पुढे कलंडवू बघतो. टेबल भिंतीला धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये जर १० सेंटीमीटरच अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर २२० किलोची ओढ येते, आणि तीही भिंतीतून उपटून काढणारी. अंतर ४० केलं की ५५ किलो. सगळा खेळ त्या उभ्या अंतराचा. बोल्ट किती जाड, हा प्रश्न नंतरचा.

आणि आमची भिंत? इमारत ऐंशीच्या दशकातली. खांब आणि तुळया काँक्रीटच्या, मधलं सगळं विटांचं. बाहेरची भिंत नऊ इंची, पण हॉल आणि बेडरूम यांच्यातली साडेचार इंची. म्हणजे एक वीट आडवी आणि दोन्हीकडून गिलावा. बोटाने ठोकून बघितलं तर गिलावा दोन ठिकाणी पोकळ वाजत होता. अशा भिंतीत प्लास्टिकचे प्लग ठोकून फोटो टांगावेत, फार तर पुस्तकांचं एक शेल्फ. रोज पाच-सहा वेळा वर-खाली होणारं टेबल तिच्यात बसवलं, तर वीट नाही तरी तिच्याभोवतीचा मसाला हळूहळू भुगा होणार. हल्लीच्या नव्या इमारतींत मधल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा अँकर बोल्ट घट्ट पिळला की ब्लॉकच चुरडतो, म्हणून लांब नायलॉनचे प्लग किंवा रसायन भरून बसवायचे बोल्ट वापरतात. काही इमारतींत सगळ्याच भिंती ओतीव काँक्रीटच्या असतात, तिथे ही चिंताच नाही. फक्त भोक पाडताना हात भरून येतात. म्हणजे एकच टेबल तीन घरांत तीन तऱ्हांनी बसवावं लागेल.

तोडगाही फॅब्रिकेटरनीच काढला. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची तुळई होती, खालची कड जमिनीपासून आठ फुटांच्या किंचित आत. ते म्हणाले, दोन चौकोनी पाइप जमिनीवर उभे करू, वर तुळईला बांधू, मधे भिंतीला नुसते टेकवू. मग टेबलाचं वजन भिंतीवर यायचं कारणच नाही. ते पाइपातून सरळ जमिनीत जाईल. पुढे कलंडवणारा तो २२०० चा पीळ आता २४० सेंटीमीटर उंचीवर वाटला जाणार. भागाकार केला : तुळईला जेमतेम ९ किलो. २२० वरून ९ वर. त्या रात्री मी नवऱ्याला हा भागाकार पुन्हा करून दाखवला, कारण माझाच त्यावर विश्वास बसत नव्हता. त्याने हिशेबनिसाच्या सवयीने तो उलटा गुणून ताळा केला.

तर आमचं भिंतीवरचं टेबल खरं पाहता भिंतीवर नाही. पाहणाऱ्याला तसं दिसतं एवढंच. पाइप दोन इंची चौकोनी, भिंतीच्याच रंगात रंगवलेले. खाली फरशी तडकू नये म्हणून लोखंडी पाट्यांखाली रबर. वजनाची शंका सोसायटीच्या सेक्रेटरींनी काढली. त्यांना सांगितलं की राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला २०० किलो पेलेल असं धरूनच आराखडा करतात, आणि तुमच्या घरातलं पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट याहून जड आहे. ते हसले. परवानगी दिली, पण ड्रिल दुपारी एक ते चार बंद, हे दोनदा बजावून.

तुळईत भोकं पाडताना फॅब्रिकेटरचा पुतण्या फार सावकाश काम करत होता. आधी गिलावा, त्यात बोल्टाची पकड धरायची नाही, काँक्रीट लागल्यापासून खोली मोजायची. एका जागी ड्रिलचा आवाज बदलला, टणक धातूचा आला. त्याने लगेच हात थांबवला, ते भोक बुजवलं आणि इंचभर बाजूला सरकला. आत सळई होती, आणि तुळईची सळई कापायची नसते. भोकं झाल्यावर सायकलच्या पंपाने त्यातली धूळ फुंकून काढली. धूळ राहिली तर बोल्ट धुळीला धरतो, काँक्रीटला नाही.

आता उचलायचं कशाने? मोटर सगळ्यांनी सुचवली. माझा कल वजनाच्या तोलाकडे होता, त्यामागे कारण एकच : आमच्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि गुरुवारीच नवरा उभ्याने सोडून गेलेलं टेबल ११२ वर अडकून बसणं मला परवडणारं नव्हतं. सोसायटीची लिफ्ट तपासायला येणारा मुलगा चौकस आहे. त्याने वरच्या मशीनरूममध्ये नेऊन दाखवलं. लिफ्टच्या डब्याइतकं वजन, आणि शिवाय तिच्या क्षमतेच्या ४० ते ५० टक्के वजन, दोराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं असतं. मोटरला उचलावा लागतो तो दोन्ही बाजूंमधला फरक. टेबलाचं तर आणखी सोपं, त्यावरचं सामान रोज तेच. फरक जवळपास शून्यावर आणता येतो आणि मोटरऐवजी माणसाचा हात पुरतो.

त्यानेच दोराबद्दल सांगितलं. वायररोप लहान चाकावरून वाकवला की आतल्या तारा एकेक करून तुटतात. लिफ्टमध्ये चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान ४० पट ठेवतात. आम्ही दोर ३ मिलिमीटरचा घेतला आणि चाकं ९ सेंटीमीटरची, म्हणजे तीसपट. दिवसातून मोजके हेलपाटे होणार, तेवढ्याला हे पुष्कळ झालं. चाकं मिळाली ती व्यायामशाळेच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्याकडे, आणि वजनंही तिथेच. बिडाच्या तबकड्या : १० किलोच्या दोन, अडीचची एक, सव्वाच्या दोन. दोर दोन लावले. एक तुटला तर दुसरा सगळा भार घेईल इतका मजबूत. दोराच्या टोकाला क्लॅम्प लावताना एक गोष्ट पाहायची असते : क्लॅम्पची खोबण भार घेणाऱ्या दोरावर बसली पाहिजे आणि यू-बोल्ट उरलेल्या आखूड शेपटीवर. उलट लावलं तर भाराच्या दोरालाच चिमटा बसतो.

सरकायच्या दांड्या भोसरीहून आणल्या. सीएनसी यंत्रांत वापरतात त्या : २० मिलिमीटर जाडीचा गोल पोलादी दांडा, मागे ॲल्युमिनियमचा आधार, आणि त्यावर छर्‍यांच्या बेअरिंगचे ठोकळे. मीटरभर लांबीच्या दोन दांड्या आणि चार ठोकळे हाच या कामातला महाग भाग. साध्या कपाटाच्या चॅनलवर भागलं नसतं. रुंद फळी एका कोपऱ्याला धरून वर ढकलली की ती तिरकी होते आणि जुन्या खणासारखी अडकते; ते टाळायचं तर एका दांडीवरच्या वरच्या आणि खालच्या ठोकळ्यात अंतर लागतं. आम्ही ते ४० सेंटीमीटर ठेवलं.

पण हे ४० सेंटीमीटर टेबलाच्या खाली घ्यायचे की वर? खाली घेतले असते तर तिरका कंस बरोबर गुडघ्यांत आला असता. मी ६२ वर बसणार, तिथे मांडी आणि फळी यांत फार जागा उरत नाही. म्हणून गाडा वर घेतला : फळीच्या मागे उभी चौकट, त्याच चौकटीला मॉनिटर, आणि फळीखाली फक्त दोन आडवे चौकोनी पाइप. समोरून पाहणाऱ्याला मॉनिटरमागे लोखंड दिसतं. शोभेचं नाही. गुडघे मोकळे आहेत.

दोन दांड्या एकमेकींना समांतर बसवण्यात एक आख्खा रविवार गेला, आणि तो मला सगळ्यात आवडला. भिंत ओळंब्यात नव्हती, छतापासून खाली येता येता बोटभर पुढे सरकली होती. भिंतीकडे पाहायचं सोडून आम्ही पाइपच ओळंब्यात उभे केले. पाइपही पूर्ण सरळ नसतो. जिथे किंचित पोट आलेलं तिथे दांडीखाली पॅकिंग म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कात्रीने कापून घातला. तो साधारण दशांश मिलिमीटर जाड असतो, याहून स्वस्त पॅकिंग कुठे मिळणार? डावी दांडी आधी पक्की केली. उजवी नुसती सैल लावली, गाडा दोन्हींवर चढवला आणि तो हळूहळू वर नेत, तो जिथे पोचेल तिथला स्क्रू आवळत गेलो. म्हणजे उजव्या दांडीची जागा टेपने ठरवली नाही, गाड्याने ठरवली. शेवटचा स्क्रू आवळून फॅब्रिकेटरनी एका बोटाने गाडा ढकलला, तो वरच्या थांब्यापर्यंत आवाज न करता गेला. त्यांनी काही न बोलता चहा मागितला.

फळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणला, चार फूट बाय बावीस इंच. सनमायका वर आणि खाली दोन्हीकडे लावली, कारण एकाच बाजूला लावलेली फळी पावसाळ्यात हमखास वाकते. पुढच्या कडेला सागवानी पट्टी, रंधा मारून गोल केलेली. मनगट तिच्यावरच टेकतं.

तोल लावायचं काम गमतीचं होतं. फळी, गाडा, मॉनिटर, दिवा, माझे दोन जाड कोश, सगळं मिळून २४ किलोच्या आसपास. पलीकडे साडेबावीस टांगले. टेबल किंचित जड ठेवायचं, म्हणजे सोडलं तर ते सावकाश खाली येईल, उसळणार नाही. तबकड्या टेबलाच्या डाव्या बाजूला प्लायच्या अरुंद खोक्यात वर-खाली होतात. खोकं पूर्ण बंद आहे; भाचरं आली की त्यांची बोटं आधी तिथे जातात.

टेबल जागेवर धरून ठेवायला स्प्रिंगची खिट्टी आहे. पाइपाला जोडलेल्या पट्टीत दर अडीच सेंटीमीटरला भोक, आणि आमच्या चार उंचींना नेमकी जुळणारी चार वेगळी, रंगाने खुणा केलेली. घरात एक नियम भिंतीवर लिहून लावला आहे : खिट्टी बसलेली असल्याशिवाय टेबलावरून काही उचलायचं नाही. दोन कोश आणि मॉनिटर एकदम काढले तर पलीकडची बाजू जड होते, आणि मोकळं टेबल उचलणाऱ्याच्या हनुवटीच्या दिशेने निघतं.

सगळं मिळून खर्च बावीस हजारांच्या आसपास आला. मोटरचं बरं टेबल याच किंवा याहून वरच्या किमतीला मिळालं असतं, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन टप्प्यांचं असतं तर ६२ वर उतरलं नसतं एवढंच.

उभं राहून काम करण्याबद्दल माझं मत मात्र टेबल आल्यावर बदललं. वजन कमी होतं वगैरे जे सांगतात, त्यात फारसं काही नाही. बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला आकडा असा की बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला ०.१५ किलोकॅलरी जास्त जळते. सहा तास उभं राहिलं तर ५४. एक पोळीसुद्धा नाही. आणि दिवसभर उभं राहणं ही काही चैनीची गोष्ट नव्हे, हे कापडाच्या मोठ्या दुकानात काम करणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारावं. केरळात अशा दुकानांतल्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून आंदोलन केलं. २०१८ मध्ये तिथल्या दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याची सोय बंधनकारक झाली, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा बदल केला. त्या बायका बसण्याचा हक्क मागत होत्या आणि मी घरात उभं राहण्यासाठी लोखंड ओतत होते, हे वाचताना जरा ओशाळायला झालं. आमच्या लक्ष्मी रोडवरच्या जुन्या साडीच्या दुकानांत विक्रेता गादीवर मांडी घालून बसतो आणि गिऱ्हाईकही समोर बसतं. ती पद्धत आता जास्त शहाणपणाची वाटते.

मला उपयोग झाला तो बदलण्याचा. प्रुफं वाचताना मी उभी असते, कारण उभ्याने डुलकी लागत नाही. मजकुराची मोडतोड करून तो पुन्हा लिहायचा असेल तर बसते. तसलं काम उभ्याने होत नाही, का ते सांगता येत नाही. उभ्याने अर्धा-पाऊण तास झाला की टाचा सांगतात, आणि मी खिट्टी ओढते. खांदा बराच बरा आहे, पण त्याचं श्रेय मी उभं राहण्याला देणार नाही. ते ६२ ला आहे. नवरा ११२ वर जेमतेम सकाळचा तासभर असतो, बाकी वेळ ७० वर. त्याच्या मते एवढ्या उठाठेवीतून त्याला पाच सेंटीमीटर मिळाले.

सासूबाई आधी या प्रकाराला "लिफ्ट" म्हणत आणि लांबूनच बघत. त्यांची उंची माझ्याहूनही कमी. एका दुपारी मी बाहेरून आले तर त्या टेबलापाशी बुटक्या खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या, आणि टेबल अगदी खालच्या थांब्यावर होतं. "अगं, अजून थोडं खाली येत नाही का हे?" त्यांनी विचारलं. टेप आणून त्यांचं कोपर मोजलं. ५८. खालचा थांबा कापून सरकवावा लागेल आणि दांडीवर खाली तेवढी जागा आहे. फॅब्रिकेटरना फोन केला. गणपती झाले की येतो म्हणाले. तोवर त्यांच्या कारखान्यात मांडवाच्या कमानी चालू आहेत.